धान तोंड उघडते

आमच्या घरी एक नेम होता आणि तो कोणी मोडला की बाबांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. धान फुलोऱ्यावर आला की सकाळी दव वाळल्यापासून सूर्य डोक्यावरून कलेपर्यंत बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाय टाकायचा नाही. भोवतीच्या मातीच्या धुऱ्यावर उभं राहा, बसा, वाटल्यास झोपा, पण खाली धानात उतरायचं नाही. कारण विचारलं तर बाबा म्हणायचे, "बाळंतिनीच्या खोलीत कोनी डोकावते का?" एवढं बोलून विषय संपायचा. आमची माणसं काही पिढ्यांपूर्वी माळव्यातून इकडे आली. नेम तिकडून गाठोड्यात आला की दवनीवाड्याच्या या मातीत सापडला, हे कोणालाच ठाऊक नाही.

आईनं तो एकदाच मोडला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक कालवड दावं तोडून बांधीत शिरली, तिला हाकलायला आई मागोमाग उतरली आणि कालवड बाहेर आली तरी आई आलीच नाही. बऱ्याच वेळानं चिखलाचे पाय घेऊन धुऱ्यावर चढली आणि समोर बाबा उभे आहेत, शेजारचे चार जण उभे आहेत, याची पर्वा न करता म्हणाली, "धान तोंड उघडते. म्या पायलं. हळूच उघडते अन् मंग मिटते." बाबांनी चारचौघांत तिला खोटारडी ठरवलं. बांधीत शिरायला कारण पाहिजे होतं म्हणून गोष्ट रचून राहिली, म्हणाले. त्यानंतर आई त्या दिवसांत धुऱ्याकडेही फिरकली नाही. पण दरवर्षी फुलोऱ्याच्या सुमारास, सुपात तांदूळ घोळताना, मला हळूच सांगायची, "उघडते वो बाई. म्या पायलं."

बाबांचं उत्तर ठरलेलं. धानाचं फूल म्हणजे लोंबीला बाहेर ते पांढरंपिवळं बारीक लोंबतं ते, जन्मभर रोज पाहतो, तोंडबिंड काही नाही.

आईला जाऊन चार वर्षं झाली. मागच्या वर्षी बाबांना काचबिंदूचं निदान झालं. गोंदियाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, थेंबांनी उरलंय ते टिकवायचं बघू. बाजूचं दिसणं जवळजवळ संपलेलं. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं, आणि ती नळी बारीक होत चाललेली. बाबा तक्रार करत नाहीत. चौकटीला खांदा लागला की चौकटीलाच शिवी देतात.

मी आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शनिवार-रविवार बाबांकडे येते. यंदा दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत होते, मान वर केलेली, डोळे मिटलेले. तसंच मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले, "तुही माय म्हने, धान तोंड उघडते. तुह्या कॅमेऱ्यात दिसन का ते?"

मी म्हटलं, बघू, पुढच्या वर्षी नीट तयारी करून करू.

"पुढच्या सालच्या धानाचा भरोसा हाय," बाबा म्हणाले. "डोऱ्यांचा नाई."

इथं मी एक कबुली दिली पाहिजे. वीस वर्षं मी फळ्यावर भाताचं फूल काढते आहे. दोन तुसं, सहा पुंकेसर, पिसांसारख्या दोन कुक्षी, बाण, नावं, सगळं. ते सकाळी उघडतं, तासाभरात मिटतं, हेही पुस्तकातून वाचून मुलांना सांगते. पण धानाच्या घरात जन्मून मी ते एकदाही पाहिलेलं नव्हतं. आईला मी कधी "तू खरं बोलतेस" असं बाबांसमोर म्हटलंही नव्हतं, आणि माझ्याकडे तर पुस्तक होतं. याची लाज मला त्या रविवारी वाटली, त्याआधी वाटली नाही हे खरं.

शेती आता ठेक्यानं दुसराच करतो, पण घरामागची एक बांधी बाबांनी स्वतःच्या सुवासिक धानासाठी ठेवली आहे. तिथला धान नुकताच निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. फुलोरा फार तर आठ-दहा दिवस. मी शाळेत रजा टाकली आणि कपाटातून माझा जुना छोटा कॅमेरा काढला. खिशात मावणारा, सहलींसाठी घेतलेला. फोन असताना हा कशाला, असं कोणीही विचारेल. पण हा कॅमेरा वस्तूच्या अगदी बोटभर जवळ जाऊन स्पष्ट फोटो काढतो आणि ठरवून दिलं तर दर दहा सेकंदांनी आपोआप एक फोटो घेत बसतो. माझा फोन एवढ्या जवळ गेला की त्याला सगळं धुक्यातच दिसतं.

अडचण बॅटरीची होती. मूळ बॅटरी फुगलेली, ती लावायची हिंमतच नव्हती. कंपनीनं ती बनवणं केव्हाच बंद केलेलं. एक डुप्लिकेट होती, तिच्यावर मी विसंबले. पहाटे उजाडताच, दव असताना, नेमात बसेल अशा वेळी बांधीत उतरले, बांबूची कांडी रोवली, तिला कॅमेरा बांधला, एका लोंबीवर नजर लावून दिली आणि बाहेर आले. नऊच्या आत कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला. बॅटरी संपली. लोंबी अजून मिटलेलीच असणार आणि आता बांधीत उतरायचं नाही. उतरले असते तर बाबांना कळलंही नसतं, नळीत मी आलेच नसते. पण ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि मला ते जमलं नाही. दुपारपर्यंत धुऱ्यावर बसून मी त्या बंद कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात बॅटरी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

म्हणून डमी बॅटरी. आकार, खोबणी, टोकं सगळी खऱ्या बॅटरीसारखी, आत वीज साठवलेली अजिबात नाही. तिच्यातून एक वायर निघते, कॅमेऱ्याच्या झाकणाला एका कोपऱ्यात रबराची छोटी फट असते तिच्यातून बाहेर येते, आणि वीज बाहेरून पुरवायची. झाकण नीट लागतं, कॅमेऱ्याला वाटतं आपल्या पोटात बॅटरी आहे. मी हे बाबांना समजावून सांगितलं.

"डमी?" बाबा म्हणाले. त्यांना हा शब्द चांगलाच ओळखीचा. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत एकदा ते डमी उमेदवार होते. खऱ्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून यांचा अर्ज भरलेला, मग मागे घेतलेला. "डमीच्या अंगात काई नसते, बाई. निस्ता जागा धरून बसते. जोर मागून येते. अन् मागून कोनता जोर येते ते डमीले ठाऊक नसते."

हे त्यांनी राजकारणाबद्दल म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मला ते विजेबद्दल कळलं.

ऑनलाइन मागवायला आठवडा लागला असता, तोवर फुलोरा आटोपला असता. गोंदियाच्या बाजारात चार दुकानं पालथी घातल्यावर एकाकडे माझ्या कॅमेऱ्याची डमी मिळाली. तिला जोडायची केबल दुकानदारानं दुसऱ्या डब्यातून काढून दिली. एका टोकाला पॉवर बँक, दुसऱ्या टोकाला डमीची गोल पिन. बरोबर बसली. मी खूश. पण केबलवर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि मी कितीही उतावळी असले तरी विज्ञानाची बाई आहे. म्हणून स्टेशनच्या बाजूला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्यानं कॅमेरा बाजूला ठेवायला लावला, केबल पॉवर बँकेला जोडली, मल्टिमीटरच्या दोन सुया पिनेला टेकवल्या आणि आकडा माझ्याकडे वळवला. आठ व्होल्टच्या वर.

मग त्यानं माझ्या फुगलेल्या बॅटरीवरचा आकडा चष्मा वर करून वाचला. तीन पूर्णांक सहा.

"मॅडम, कॅमेरा को मारने निकले थे क्या?" तो म्हणाला. "बैठ गया मतलब चल गया, ऐसा नहीं होता. पिन तो सबकी एक जैसी है."

 मोठ्या कॅमेऱ्यांना विजेचा दुप्पट दाब लागतो, ही केबल त्यांच्यासाठी होती. बटण दाबलं असतं तर कॅमेरा जळाला असता आणि यंदाचा धान तसाच मिटून गेला असता.

त्या माणसाचं काम बघत मी दोन तास बसले. त्यानं खणातून बोटाच्या पेराएवढं एक सर्किट काढलं, त्याच्यावर एक इवलासा स्क्रू होता. मला पाहिजे तेवढी लांब वायर, म्हणजे धुऱ्यापासून बांबूपर्यंतची, आधी पूर्ण जोडून घेतली, कारण लांब वायरीत जोर वाटेतच थोडा गळतो. मग मीटरवर डोळा ठेवून स्क्रू केसभर केसभर फिरवला. बॅटरीवर तीन पूर्णांक सहा लिहिलं असलं तरी पूर्ण भरलेली असताना ती चारच्या थोडी वर असते, आपण चारच्या खालीच राहू, म्हणाला. लाल कुठं, काळी कुठं, हे तीनदा तपासलं. नंतर एक छोटा बल्ब लावून पाहिला, कारण भिंग बाहेर येतं तेव्हा कॅमेरा एकदम वीज ओढतो आणि तेव्हा आकडा कोसळता कामा नये. आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. तोही माझ्यासारखाच ओठ दाबून बघत होता. चाळीसेक वर्षं हेच काम करणारा माणूस एका आकड्याकडे इतक्या आदरानं बघतो, हे मला फार आवडलं.

घरून निघताना आमची शेती करणाऱ्या ठेकेदारानं मला सुचवलं होतं की पॉवर बँक कशाला, मोटर पंपाच्या पेटीतूनच वायर ओढ. मी ते कारागिराला सांगितल्यावर त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. "पानी में खड़े होकर घर की बिजली? मॅडम, खेत में सिर्फ ये छोटी वाली." मग एकेक करून सांगितलं. आधी डमी बसवा, झाकण लावा, मगच वीज जोडा. काढताना आधी कॅमेरा बंद. जोड पाण्यावर लोंबू देऊ नका, बांबूला वर बांधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायर ताणू नका. डमी जरा सरकली की कॅमेरा जागेवर मरतो, फोटो लिहिता लिहिता मेला तर कार्डही जातं. त्यानं मजुरी मागितली तेव्हा मीच संकोचले, इतकी थोडी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पुन्हा बांधीत उतरले. पाणी घोट्याच्या वर, गार. कॅमेरा बांधला, ऊन लागून तापू नये म्हणून वरून पळसाची दोन पानं टाचली, वायरीला सैल झोल ठेवून ती बांबूला दोन ठिकाणी बांधली आणि पॉवर बँक धुऱ्यावर डब्यात, सावलीत ठेवली. कॅमेरा सुरू केला. भिंग बाहेर आलं. हिरवा दिवा लागला. मी मागे मागे पावलं टाकत बाहेर आले.

नऊ वाजले, दिवा लागलेला. साडेनऊ, दहा. दव कधीच वाळलं होतं. वारा नव्हता, ऊन चढत होतं, आणि सुवासिक धानाचा तो वास, जो घरात भात शिजताना येतो, तो हिरव्या बांधीतूनच येऊ लागला. मी धुऱ्यावर उभी होते आणि माझ्यापासून तीन-चार हातांवर हजारो तुसं उघडत असणार होती, आणि मला काहीच दिसत नव्हतं. फक्त एक हिरवा ठिपका दिसत होता.  एवढं मोठं काही दरवर्षी आमच्या परसात घडतं आणि आवाज मुळीच होत नाही.

बारा वाजून गेल्यावर, सूर्य कलला तेव्हा, कॅमेरा बंद करून वायर काढली आणि सगळं घरी आणलं. बाबांना जेवायला वाढलं आणि आतल्या खोलीत शाळेच्या लॅपटॉपवर कार्ड लावलं. सगळे फोटो एकामागून एक जोडले आणि चालवले.

सुरुवातीला नुसता मिटलेला दाणा, दवाचा एक थेंब. थेंब आटला. मग दाण्याच्या मधोमध एक रेघ दिसली. रेघ रुंदावली. दोन तुसं होडीच्या दोन बाजूंसारखी अलग झाली, आतून सहा पिवळे पुंकेसर वर आले, बारीक दोऱ्यांवर डोलत, आणि त्यांच्या बुडाशी दोन पांढरी पिसं. परागाचा धूर उडाला. एका फोटोत होता, पुढच्यात नव्हता. मग पुंकेसर वाळून बाहेर लोंबले आणि तुसं त्यांना बाहेर ठेवूनच मिटली. रेघ गेली. दाणा पुन्हा पहिल्यासारखा, बाहेर फक्त ते पांढरंपिवळं लोंबणारं. मी तोंडावर हात धरून बसले होते. वीस वर्षं मी काढलेलं चित्र बरोबर होतं आणि तरी त्यात यातलं काहीच नव्हतं.

मग तोच तुकडा पेन ड्राइव्हवर घेऊन बैठकीतल्या मोठ्या टीव्हीला लावला. मोठं दिसेल म्हणून बाबांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकवली. चालू केलं. उघडलं, मिटलं.

बाबांनी मान पुढे काढली.

"दिसलं?"

"हिरवं दिसून राहिलं," ते म्हणाले. "हिरवंच हिरवं. थांब, फिरून लाव." मी तीनदा लावलं. ते मान इकडे तिकडे फिरवत होते, एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या, आणि फूल उघडायचं तेव्हा त्यांची नळी भलतीकडेच असायची. चौथ्या वेळी त्यांनी हात वर केला. "राहू दे, बाई. उशीर झाला मले."

मला रडूच आलं, रागाचं. त्यांच्यावर नाही. मी विज्ञान शिकवते आणि नळीतून पाहणाऱ्या माणसासमोर भिंतीएवढं चित्र धरलं होतं. त्यांना मोठं नको होतं, नळीत मावेल एवढं हवं होतं. कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. डमी, झाकण, मग पॉवर बँक. कॅमेऱ्याचा मागचा पडदा काडीपेटीहून थोडा मोठा. तो त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि हात पुढे, मागे, आणखी थोडे मागे, असे सरकवत नेले.

"थांब," बाबा म्हणाले. "हे का? हा दाना का?"

"हो."

रेघ उमटण्याच्या जरा आधीचा फोटो मी लावून ठेवला होता. त्यांचा अंगठा पुढच्या फोटोच्या बटणावर ठेवला. प्रत्येक दाबाला पुढचा फोटो. त्यांनी दाबत दाबत रेघ येईपर्यंत नेलं आणि थांबले. पुढं दाबलं. आणखी पुढं. तुसं उघडली तशी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उलगडत गेल्या. पुंकेसर वर आले तेव्हा ते अगदी हळू, स्वतःशीच, "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले. मग मिटू लागलं. मिटलं. बाहेर ते पांढरं लोंबत राहिलं, जे ते जन्मभर रोज पाहत होते.

"म्हंजे हे मागं उरलेलं हाय," बाबा म्हणाले. "जेवन झाल्यावरच्या पत्रावळी. आमी पत्रावळीच पायल्या. पंगत तिनं पायली."

 

बाबांनी मान वर केली नाही. "तिले म्या चार मानसांत खोटी म्हनलं. ते चारीबी आता नाईत. कोनापुढं जाऊन सांगू?"  मग त्यांनी विचारलं, "असलमध्ये किती वेर उघडं राहते?"

"तासभर."

"ती तासभर होती बांधीत. कालवड बाहेर आली तरी नाई आली. मी वरून हाका मारून राहिलो होतो." त्यांनी अंगठ्यानं फोटो मागे मागे नेले, मिटलेल्या दाण्यापर्यंत. "दहा सेकंदाले एक म्हनली ना तू?"

"हो, बाबा."

"मंग तू मोज. दहा झाले की सांग, पुढचा फोटो दाबतो. मीबी तिच्याइतकाच वेर पायतो."

हातांतला कॅमेरा जरा हलला की वायर ताणली जाते, आणि डमी सरकली की सगळं विझणार. मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले, वायरीचा झोल दोन्ही हातांत सैल धरला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.